पासष्ट अंशांवरचे उन्हाळे

आमच्या राजापुराकडे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात. ऋतू तो उन्हाळा आणि झरा ते उन्हाळे. दोहोंच्या पोटात ऊन एकच असले तरी पहिला चार महिन्यांत आटोपतो आणि दुसरे बारा महिने वाहत राहते. तालुक्यात याच नावाचे एक गाव आहे आणि राजापूरची गंगा म्हणून जी प्रसिद्ध आहे तीही तिथेच प्रकट होते. गंगा आल्याची बातमी लागली की आधी उन्हाळ्यावर ऊन पाण्याची आंघोळ आणि मग गंगेची, असा आमच्या घरचा क्रम होता. गंगा मात्र लहरी. ती कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसे, त्यामुळे माझ्या आजीच्या गुडघ्यांची सारी भिस्त उन्हाळ्यावर होती. महिन्या-दोन महिन्यांनी ती तिथे जाऊन पाय शेकून यायची आणि परतल्यावर गुडघ्यांना उतार पडला की नाही यावर घरात वाद व्हायचा. आजी म्हणायची, बराच फरक आहे. आजोबा म्हणायचे, जाताना चढ होता, येताना उतार, फरक तेवढाच.

आजीचे ते गुडघे वारसाहक्काने माझ्या आईकडे आले आहेत. आई आता एकाहत्तर वर्षांची आहे. गेल्या जुलैत ती आमच्याकडे सिएटलला आली, गौरी-गणपती इथेच झाले, आणि विसर्जनानंतर घर रिकामे वाटू लागले तेव्हा मी अलास्कातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा विषय काढला. फेअरबँक्स शहराच्या ईशान्येला सुमारे शंभर किलोमीटरवर चेना हॉट स्प्रिंग्ज नावाचे ठिकाण आहे. पासष्टावा उत्तर अक्षांश तिथून अगदी जवळून जातो. तिथे झऱ्याभोवती राहण्याची सोय आहे, आणि त्या दिवसांत रात्री आभाळात ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यता चांगली असते, असे मी तिला सांगितले. आईने कॅलेंडर पाहिले आणि म्हणाली, “अरे, पितृपंधरवडा आहे. आणि तू म्हणतोस त्या तारखा तर सर्वपित्रीच्या तोंडावर येतात. अमावास्येला टेकून कोणी प्रवासाला निघतं का?” मी तिला समजावले की तिथे जाणारे लोक अमावास्या पाहूनच तिकिटे काढतात, कारण चंद्राचा उजेड नसला की आभाळातला प्रकाश अधिक खुलतो. तिला ते पटले असे मी म्हणणार नाही, पण जिथे अमावास्या शुभ मानतात असा मुलूख पाहण्याचे कुतूहल तिच्या डोळ्यांत दिसले. बाबांची तिथी अष्टमीची. ती घरी व्यवस्थित करून आम्ही निघालो.

सिएटलहून फेअरबँक्सचे विमान साडेतीन तासांत पोचते. आम्ही पोचलो आणि आईची बॅग मात्र भलत्याच शहरी गेली. विमान कंपनीच्या माणसाने ती उद्या येईल असे शांतपणे सांगितले. बॅगेत आईचा पोहण्याचा पोशाख होता. हा पोशाख मिळवण्यासाठी आधीच दोन आठवडे खर्ची पडले होते, कारण मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा नसेल तर मी पाण्यात पाऊल टाकणार नाही, अशी तिची अट होती. उन्हाळ्यावर बायका नेसत्या लुगड्यानिशी आंघोळ करतात. इथे मात्र सुती कपड्यांनी तळ्यात उतरता येत नाही, हे मी तिला आधीच बजावून ठेवले होते. आता फेअरबँक्समधल्या एका मोठ्या दुकानात आम्ही शोध सुरू केला. सप्टेंबरचा मध्य होता आणि दुकानातला उन्हाळा केव्हाच आवरला गेला होता. पोहण्याच्या कपड्यांच्या जागी बर्फात घालायचे गुडघाभर बूट, फावडी आणि गाडीची बॅटरी गरम ठेवायची वेष्टने रचलेली होती. शेवटी होडी वल्हवणाऱ्यांसाठीचा एक काळा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तशीच तंग विजार कोपऱ्यात सापडली. आई ते घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “पाणबुडीतून आल्यासारखी दिसत्ये. चल, घे.”

चेनाचा रस्ता साधारण 57 मैलांचा आहे आणि तो या ठिकाणाशी जाऊन चक्क संपतो. त्यापुढे रस्ताच नाही. 26व्या मैलापासून पुढचे पंचवीस मैल तो चेना नदीच्या राखीव रानातून जातो, नदी पुन्हा पुन्हा पुलाखालून आडवी येते, आणि फोनला रेंज मिळण्याची आशा शहर सोडल्यावर लवकरच मावळते. नदीच्या नावाबद्दल एक गंमत सांगितली पाहिजे. चेना, तनाना, नेनाना अशी तिकडच्या नद्यांची नावे आहेत आणि त्यांतला शेवटचा ‘ना’ हा तिथल्या मूळच्या अथाबास्कन भाषांमध्ये नदीचाच वाचक आहे. म्हणजे ‘चेना नदी’ म्हणताना आपण नदीला दोनदा नदी म्हणतो.

आपल्याकडे शरद म्हटले की निरभ्र आकाश, कोजागरी आणि कापणीला आलेले भात डोळ्यांपुढे येते. पानगळ ही शिशिराची, आणि तीही कोकणात फारशी कोणाच्या नजरेत भरत नाही, कारण आंबा-फणस काही उघडे पडत नाहीत. इथला शरद ऋतू जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. ऑगस्ट सरता सरता झाडे पिवळी पडू लागतात, सप्टेंबरच्या पूर्वार्धात रंग भरात येतात, आणि महिना संपण्यापूर्वी एखादे वादळ सगळे झाडून नेते. आम्ही गेलो तेव्हा भर किंचित ओसरला होता. रस्त्याच्या एका अंगाला, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर, भूर्ज आणि अ‍ॅस्पेन यांची रानेच्या राने हळदीच्या रंगाने पेटलेली होती आणि दुसऱ्या अंगाला, उन्हाकडे पाठ केलेल्या उतारांवर, काळ्या स्प्रूसची खुरटी, विस्कटलेली झाडे उभी होती. हा फरक जमिनीच्या पोटातला आहे. सावलीकडच्या उतारांखाली जमीन वर्षानुवर्षे गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा हात-दोन हातांचा थर तेवढा सैल होतो आणि झाडांना मुळे आडवीच पसरावी लागतात. तिथले मनगटाएवढ्या जाडीचे झाड शंभर वर्षांचे असू शकते. खालचा बर्फ वितळला की ही झाडे कशीही कलंडतात, म्हणून तिकडे अशा रानाला दारुडे रान म्हणतात. आईला हे नाव फार आवडले.

मधे एके ठिकाणी आम्ही थांबलो. आईने भूर्जाच्या बुंध्यावर हात फिरवला, तर तिच्या बोटांना पांढरी पूड लागली आणि सालीचा एक पापुद्रा, पोथीचे पान सुटावे तसा, अलगद सुटला. “भूर्जपत्र म्हणतात ते हेच का रे?” तिने विचारले. हिमालयातला भूर्ज आणि हा भूर्ज एकाच कुळातले, जात मात्र वेगळी. आईने पापुद्रा उजेडात धरून उलटसुलट पाहिला, त्याच्या आतली बाजू बदामी होती आणि तिच्यावर बारीक आडव्या रेघा होत्या, जणू कोणी लिहिण्यासाठी आखूनच ठेवल्या होत्या. तेवढ्यात एक ट्रक आमच्या शेजारून गेला. त्याच्या मागच्या हौद्यात मूसचे, म्हणजे तिकडच्या धिप्पाड हरणाचे, प्रचंड शिंग ताडपत्रीबाहेर डोकावत होते. सप्टेंबर हा तिथे मूसच्या शिकारीचा हंगाम आहे, आणि पुष्कळ घरांच्या फ्रीजरमधले हिवाळ्याचे मांस याच दिवसांत जमा होते. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आपल्याकडे पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवतात, तसंच हे. अर्ध्या तासाने रस्त्याकडेच्या एका डबक्यात खरा मूस दिसला. खांद्यापाशी माणसाहून उंच असलेला तो प्राणी गुडघाभर पाण्यात उभा राहून पाणवनस्पती उपसून खात होता आणि त्याच्या तोंडातून पाणी निथळत होते. मारलेला मूस आणि जिवंत मूस, दोन्ही एकाच रानात, एकाच दुपारी पाहायला मिळावेत, यावर काय बोलावे हे मला सुचले नाही.

या झऱ्याचा इतिहासही गुडघ्यांपासूनच सुरू होतो, असे म्हणायला हरकत नाही. 1902 मध्ये फेअरबँक्सजवळ सोने सापडले आणि थंड ओढ्यांत उभे राहून वाळू चाळणाऱ्या माणसांची तिथे रीघ लागली. रॉबर्ट स्वान हा त्यांतलाच एक. त्याला संधिवाताने गाठले होते. 1904 मध्ये सरकारी भूवैज्ञानिक पाहणीतल्या लोकांना चेनाच्या वरच्या खोऱ्यात कुठेतरी वाफ दिसली होती, एवढ्या माहितीवर रॉबर्ट आणि त्याचा भाऊ थॉमस 1905 मध्ये निघाले आणि महिन्याहून अधिक काळ रान तुडवल्यावर त्यांना हे पाणी सापडले. सांधे धरलेल्या माणसाने सांधे सोडवण्यासाठी महिनाभर दलदलीतून चालावे, यातला विरोध आजोबांच्या लगेच ध्यानात आला असता. 1911 पर्यंत तिथे न्हाणीघर, तबेला आणि डझनभर लहान खोल्या उभ्या राहिल्या होत्या. सोने अर्थातच बहुतेकांच्या वाट्याला आले नाही.

आम्ही पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. दरी अरुंद आहे, आणि तिच्या तळाशी लाकडी इमारती, काचेची हरितगृहे आणि मधोमध वाफ असा सगळा पसारा. गाडीचे दार उघडताच गंधकाचा वास आला, उकडलेल्या अंड्याच्या वासासारखा पण सौम्य. आईने लांब श्वास घेतला. “अगदी आपल्या उन्हाळ्याचा वास,” ती म्हणाली, आणि पुढची दोन वाक्ये न बोलता गिळली असे मला वाटले.

बाहेरच्या तळ्यात अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, त्यामुळे तिथे शांतता असते. मोठमोठ्या शिळा कडेने रचलेल्या आहेत आणि तळाला खडीसारखी जाड वाळू आहे. हवा शून्याच्या जरा वर होती. न्हाणीघराच्या दारातून बाहेर पडून पाण्यापर्यंतची ती दहा-वीस पावले मला अजून आठवतात. आई कठड्याला धरून चालत होती, दातावर दात वाजत होते आणि ती मला उद्देशून जे काही म्हणत होती ते इथे लिहिण्यासारखे नाही. मग ती पाण्यात उतरली. आधी घोटे, मग गुडघे. गुडघे बुडाले तिथे ती थांबली, दोन्ही हात पाण्याखाली नेऊन तिने वाट्या चोळल्या आणि मान वर न करता म्हणाली, “आई गं.” ही हाक तिच्या आईला होती की नुसताच उद्गार होता, हे मी विचारले नाही. हळूहळू ती गळ्यापर्यंत बसली. पाणी चाळीस अंशांच्या आसपास असेल; म्हणजे आमच्या उन्हाळ्याइतकेच. तरीही ते तसे नव्हते, आणि का नव्हते हे कळायला मला जरा वेळ लागला. कोकणात गरम पाण्यातून डोके वर काढले की हवाही दमट आणि कोमटच असते. शरीराला सीमारेषा सापडत नाही, घाम आणि पाणी यांत भेद उरत नाही, आणि दहा मिनिटांत जीव नकोसा होतो. इथे हनुवटीपाशी एक रेघ होती. रेघेखाली चाळीस, रेघेवर एक. कानांच्या पाळ्या दुखत होत्या, केसांवर दव साचत होते आणि खाली पोटऱ्या सैल पडत होत्या. त्या तळ्यात माणूस तासभर बसू शकतो, कारण डोके गार राहते.

वाफेतून चेहरे उमटायचे आणि पुसले जायचे. एकदा आमच्या समोर एका वृद्ध बाईचा चेहरा उमटला. ती फेअरबँक्सचीच होती आणि दर वर्षी पहिला बर्फ पडण्याआधी येऊन जाते, असे तिने सांगितले. आईला इंग्रजी समजते, बोलायला ती कचरते. पण त्या बाईने पाण्यातून एक गुडघा वर काढला, त्यावरचा शस्त्रक्रियेचा उभा व्रण बोटाने दाखवला आणि दुसऱ्या गुडघ्याकडे बोट करून कपाळाला हात लावला. आईनेही आपले दोन्ही गुडघे दाखवून दोनदा कपाळाला हात लावला. मग दोघी हसू लागल्या. पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या, कोणत्या भाषेत ते मला सांगता येणार नाही, कारण मला तिथून दूर जाण्याची खूण झाली होती.

दुसऱ्या दिवशी आई हरितगृहात गेली आणि मी वीजघर पाहायला. मी पोटासाठी इमारतींच्या वातानुकूलनाचे काम करतो, त्यामुळे हे वीजघर पाहण्याचा माझा हेतू झऱ्याइतकाच जुना होता, हे कबूल केले पाहिजे. शहराच्या विजेच्या तारा तिथवर पोचत नाहीत. पूर्वी सगळे काही डिझेलच्या जनित्रांवर चालायचे आणि एका युनिटला 30 सेंटांच्या आसपास खर्च यायचा. 2006 मध्ये तिथे झऱ्याच्याच पाण्यावर वीज तयार होऊ लागली आणि तो खर्च 7 सेंटांच्या आत आला. यात नवल असे की हे पाणी उकळतही नाही. विहिरीतून ते सुमारे 74 अंशांवर येते, आणि इतक्या कमी तापमानावर व्यापारी वापराची वीज त्या काळी जगात दुसरीकडे कुठे निघत नव्हती. जमिनीखाली इथे ज्वालामुखी नाही. ग्रॅनाइटच्या भेगांतून पावसाचे आणि बर्फाचे पाणी खोल उतरते, खाली तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते, एवढीच या झऱ्याची कथा. कोकणातल्या अरवली, तुरळ, राजवाडी किंवा उन्हवरे इथल्या झऱ्यांची कथा काही फार वेगळी नाही. खडक तेवढा वेगळा.

यंत्र पाहिले आणि मला हसू आले. ते आमचेच यंत्र होते, फक्त उलटे लावलेले. मोठ्या इमारती गार करणाऱ्या यंत्रात वीज देऊन दाबयंत्र फिरवतात आणि त्यामुळे वायू दाबला जाऊन उष्णता इकडून तिकडे नेली जाते. इथे त्याच घराण्यातले भाग घेऊन प्रवाह उलटा केला आहे. पुष्कळ गाड्यांच्या एसीत असतो तोच वायू, आर-134ए, इथे द्रवरूपात असतो; 74 अंशांचे पाणी नळ्यांतून जाते, त्याच्या उष्णतेने हा द्रव उकळतो, त्याची वाफ चक्र फिरवते आणि चक्र वीज देते. पण खरी मेख पुढे आहे. चक्र फिरवून झालेल्या वाफेचा पुन्हा द्रव झाला नाही तर सगळे तिथेच थांबेल. म्हणून दुसऱ्या बाजूने चार अंशांचे थंड पाणी सोडलेले असते. झऱ्यातून मिळणाऱ्या शंभर भाग उष्णतेतून आठ भागांच्या आसपास वीज निघते; आणि ती आठ भागसुद्धा निघते, कारण 74 आणि 4 यांच्यात 70 अंशांची दरी आहे. तुरळ-राजवाडीच्या पाण्यातही हात घालवत नाही, पण शेजारून वाहणारी नदी सव्वीस-अठ्ठावीस अंशांची असते. तिथे गरम पाणी आहे, गार पाणी नाही. आपल्याकडे उष्णतेची वाण कधीच नव्हती. हिवाळ्यात, हवा उणे तीस-चाळीसवर गेली की चेनाच्या यंत्रांचे काम आणखी सोपे होते, आणि नेमकी तेव्हाच विजेची गरज सर्वांत जास्त असते.

जेवताना हे सगळे मी आईला अतिशय उत्साहाने सांगितले. तिच्या ताटातली कोशिंबीर हरितगृहातली होती. बाहेर उणे चाळीस असतानाही तिथे झऱ्याच्या ऊबेवर लेट्यूस आणि टोमॅटो वाढत असतात. आईने टोमॅटोची फोड खाल्ली, विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे पाणी गरम आहे म्हणून वीज नाही. गारठा आहे म्हणून वीज आहे.” अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी ही गोष्ट समजायला मला एक सत्र लागले होते.

संध्याकाळी बर्फाचे संग्रहालय पाहिले. पहिले 2004 मध्ये बांधले होते ते उन्हाळ्यात वितळून गेले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधले तेव्हा ते गार ठेवण्यासाठी अमोनियाचे शोषणयंत्र बसवले, जे झऱ्याच्याच उष्णतेवर चालते. गरम पाण्याने बर्फ टिकवायचा, हे ऐकायला कोड्यासारखे वाटते खरे, पण आपल्याकडे जुन्या काळी रॉकेलवर चालणारे फ्रीज ज्यांनी पाहिले असतील त्यांना त्यात अद्भुत काही वाटणार नाही. आत बर्फाचे पलंग आहेत, त्यांवर कॅरिबू हरणांची कातडी अंथरली आहेत, आणि बर्फाच्या पेल्यातून पेय देणारा बारही आहे. आईने जाड कोट घालून एक फेरी मारली आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन चहा मागितला.

त्या रात्री आणि आदल्या रात्री, दोन्ही रात्री आम्ही आभाळाची वाट पाहिली. सप्टेंबरच्या मध्याला तिथे सूर्य आठच्या सुमारास मावळतो, पण संधिप्रकाश खूप रेंगाळतो आणि खरा काळोख दहाच्या पुढे येतो. रोज दिवस सहा-सात मिनिटांनी आखूड होत असतो. आठवड्यात पाऊण तासाचा उजेड जातो. फेअरबँक्सचा टापू ध्रुवीय प्रकाशाच्या कंकणाकृती पट्ट्याखालीच येतो, त्यामुळे काळोख आणि निरभ्र आकाश एवढ्याच दोन अटी उरतात. उन्हाळ्यात हा प्रकाश नसतो असे नाही. रात्रच नसते म्हणून तो दिसत नाही. शिवाय शरद आणि वसंत संपातांच्या आसपास पृथ्वीचे चुंबकक्षेत्र आणि सूर्याकडून येणारे क्षेत्र यांची जुळणी अशी होते की हा प्रकाश अधिक वेळा भडकतो. पहिल्या रात्री ढग होते. जपानहून आलेली काही मंडळी तिपाया लावून दीड वाजेपर्यंत ढगांचे फोटो काढत होती. त्यांच्या चिकाटीचे मला कौतुक वाटले, पण आई साडेदहाला झोपली होती.

दुसऱ्या रात्री पाऊणच्या सुमारास बाहेर धावपळीचा आवाज आला. मी आईला उठवले. स्वेटरवर शाल, शालीवर माझे जाकीट, डोक्याला मफलर असा तिचा थाट होता. बाहेर येताच आधी काही दिसले नाही. उत्तरेच्या डोंगरावर फिकट राखाडी पट्टा होता, ढगासारखा. आई म्हणाली, “हे?” तिच्या स्वरात इतकी निराशा होती की मला त्या पट्ट्याची बाजू घ्यावीशी वाटली. दहा मिनिटे तसाच होता. मग त्याच्या खालच्या कडेला हिरवा काठ उमटला, पातळाचा काठ उजेडात धरल्यावर चमकतो तसा, आणि तो काठ हलू लागला. शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या प्राणवायूला धक्का बसला की हा हिरवा रंग येतो, हे मला ठाऊक होते. ते ठाऊक असण्याचा त्या क्षणी काहीही उपयोग झाला नाही. पट्टा आमच्या डोक्यावरून दक्षिणेकडे गेला, त्याच्या चुण्या पडल्या, चुण्या उलगडल्या, कडेला गुलाबी झाक आली आणि गेली. कसलाच आवाज नव्हता. एवढे मोठे काही हलताना आवाज होत नाही याची सवय आपल्याला नसते. मी नकळत कान टवकारले होते. आईने चपला काढल्या. थिजलेल्या खडीवर, मोजे घातलेल्या पायांनी ती हात जोडून उभी राहिली. “आई, गारठशील, चपला घाल,” मी म्हटले. “थांब रे,” ती म्हणाली. साधारण वीस मिनिटांनी आभाळ पुन्हा राखाडी झाले तेव्हा तिने चपला घातल्या आणि विचारले, “तळं उघडं आहे का आत्ता?” ते बंद झाले होते. खोलीत येऊन तिने नळाच्या गरम पाण्यात पाय सोडले.

सकाळी दरीभोवतीच्या डोंगरमाथ्यांवर पिठी चाळल्यासारखा पहिला बर्फ दिसला. अलास्कात याला टर्मिनेशन डस्ट म्हणतात, कारण तो दिसला की हंगामी कामगारांची कामे संपतात आणि ते दक्षिणेची वाट धरतात. खाली दरीत मात्र भूर्ज अजून पिवळेच होते, आदल्या दिवसापेक्षा विरळ. वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीबरोबर पानांची एक लाट सुटून तळ्याच्या वाफेत शिरत होती आणि पाण्यावर येऊन पडत होती. एक कामगार लांब दांड्याच्या जाळीने ती काढत होता. त्याच्या पाठीमागे तितकीच नवी पडत होती, आणि तो घाई करत नव्हता.

निघण्याआधी आई पुन्हा तासभर पाण्यात बसली. ती फेअरबँक्सची बाई आदल्या दिवशीच गेली होती. जाताना तिने आईला हाताने विणलेले लोकरीचे मोजे दिले, आणि आईकडे परतभेट द्यायला बॅगच नसल्यामुळे तिने पर्समधले गूळपापडीचे दोन तुकडे दिले होते. परतीच्या वाटेवर डबके रिकामे होते. फेअरबँक्स जवळ आले, फोनला रेंज आली, आणि एकामागून एक निरोप वाजू लागले. त्यांत आईची बॅग विमानतळावर आली असल्याचाही एक होता.

आईने पहिला फोन राजापुरात मावशीला लावला. तिकडे रात्रीचे दीड वाजले असतील, हे तिच्या गावीही नव्हते. मी सांगेपर्यंत मावशीने तो उचललाही होता. मला वाटले, आता आभाळाचे वर्णन होईल. आईने सुरुवात केली ती मोज्यांपासून, मग टोमॅटो, मग मूस. “आणि पाणी?” मावशीचा आवाज मला स्टिअरिंगपर्यंत ऐकू आला. “पाणी आपल्यासारखंच गं,” आई म्हणाली, “पण डोकं बाहेर काढलं की असं गार वारं लागतं ना, की परत आत जावंसं वाटतं.” मग जरा थांबून तिने विचारले, “तिकडं पाऊस थांबला का? आणि तू उन्हाळ्यावर जाऊन आलीस की नाही? या महिन्यात जा. मार्गशीर्षात बरं असतं म्हणतात, पण इतकं कशाला थांबत्येस.”